संत्र्याच्या सालीतून हेस्पेरिडिन (सालीतलं एक नैसर्गिक संयुग) काढताना सगळं बुळबुळीत होतं आणि गाळलंच जात नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ज्यूस सेंटरवरून साली आणल्या, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवल्या आणि सगळ्याचा खळीसारखा लगदा झाला. माझी पहिली बॅचही अशीच वाया गेली होती.

दोष पेक्टिनचा, म्हणजे सालीतल्या जेलीसारखा घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाचा. कॉस्टिकमधल्या सोडियममुळे ते पाण्यात सुटतं आणि फिल्टर पेपर बुजवून टाकतं. कॉस्टिक बाजूला ठेवा, विझवलेला चुना घ्या. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला बांधून ठेवतं. ते कॅल्शियम पेक्टेट विरघळत नाही, चोथ्यातच राहतं. हेस्पेरिडिन तेवढं अल्कलीत विरघळून बाहेर येतं. पीएच ११च्या आसपास ठेवा आणि तापवू नका. मी एकदा अल्कलीतला अर्क शनिवार-रविवार तसाच झाकून ठेवला, सोमवारी तो चहासारखा तपकिरी झालेला. अल्कलीत जास्त वेळ राहिलं की रेणूच तुटतो, मग पुढे कितीही शुद्ध करा, हाती काही लागत नाही. भिजवलं त्याच दिवशी गाळा.

गाळलेला अर्क पिवळाधमक दिसेल, कारण अल्कलीत हेस्पेरिडिनचं एक वलय उघडून चाल्कोन हा पिवळा रेणू तयार होतो. आता ढवळत ढवळत, थेंबथेंब हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच ४ ते ५वर आणा. पिवळेपणा उतरत जातो, वलय पुन्हा मिटतं, आणि हेस्पेरिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे द्रावण गढुळतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तळाशी बसलेला फिकट, पिठासारखा थर पाहताना मला आजही तितकाच आनंद होतो. हाच पदार्थ लब्रेतों या फ्रेंच रसायनज्ञाने १८२८मध्ये सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून पहिल्यांदा वेगळा केला होता. म्हणून तो पांढरा भाग खरवडून टाकू नका.

पण हा माल कच्चा आहे. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात, वजन करून 'यील्ड' (किती माल मिळाला ते) लिहितात. ते मला पटत नाही. गरम डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये विरघळवा, थोडा सक्रिय कोळसा घाला, गरम असतानाच गाळा आणि पाणी घालून पुन्हा स्फटिक पाडा. हे द्रावक कातडीतूनही शरीरात जातं, तेव्हा हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. मग वितळणबिंदू बघा: शुद्ध माल २५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतो. टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) प्लेटवर प्रमाणित नमुन्याशेजारी एकच ठिपका आला, तरच ते वजन वहीत लिहा.

साली सावलीत वाळवून जाडसर दळा आणि चुन्याआधी पेट्रोलियम ईथरने तेल काढून घ्या. मोसंबीच्या साली मिसळल्या तर चालतील, पपनसाच्या नकोत. त्यात मुख्यतः नारिंजिन हे वेगळंच संयुग असतं.

विदर्भातल्या एखाद्या बागेत ओळख असेल तर गळून पडलेली हिरवी, कोवळी संत्री मागून घ्या. पिकलेल्या फळापेक्षा कोवळ्या फळात हेस्पेरिडिनचं प्रमाण जास्त असतं, आणि फळगळीने हवालदिल झालेल्या शेतकऱ्याला त्या फळांचे काहीच मिळत नाही. साली आणि ही गळ, दोन्हींच्या वेगळ्या बॅच लावा आणि यील्ड कोरड्या वजनाच्या टक्क्यांत मांडा.