अकादमीनं सोडलेल्या गोलरक्षकास पत्र

चि. गोलरक्षकास अनेक आशीर्वाद.

अकादमीनं मे महिन्यात ‘पुढचा करार नाही’ असं कळवलं आणि 30 जूनला तू मोकळा होतोस, हे पत्रातून समजलं. आई पुण्याची, वडील इंग्लिश, वय अठरा. फिलिपिन्सचा गोलरक्षक नील एथरिज याचे वडील इंग्लिश आणि आई फिलिपिनो. त्याला फिलिपिन्सनं हात दिला, तसा मला भारत देईल का, असं तू विचारलंयस. पासपोर्टचा विषय पुढे येईलच, पण त्याआधी त्याची कारकीर्द नीट बघ. लोक तिची कार्डिफ क्लबातली तीन वर्षं सांगतात आणि त्याआधीची अकरा गाळतात. तुझ्या उपयोगाची आहेत ती ही गाळलेली.

एथरिज 1990 साली लंडनच्या एन्फिल्ड भागात जन्मला. चेल्सीच्या अकादमीतून 2006 मध्ये फुलहॅम क्लबला गेला आणि 2014 पर्यंत फुलहॅमचाच होता. त्या आठ वर्षांत फुलहॅमच्या मुख्य संघाकडून तो अधिकृत सामना खेळला फक्त एक: डिसेंबर 2011, युरोपा लीग, डेन्मार्कच्या ओडेन्सविरुद्ध. बाकीचा खेळ लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडे उसना: लेदरहेड, ब्रिस्टल रोव्हर्स, क्रू अलेक्झांड्रा. यातला लेदरहेड हा सरेमधला नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार लीगांखालचा क्लब. अठराव्या वर्षी प्रीमियर लीगच्या सरावमैदानावरून थेट तिथे पाठवलं, तर बऱ्याच मुलांना तो अपमान वाटतो. तुला वाटू देऊ नकोस.

मोठ्या क्लबातल्या तिसऱ्या गोलकीपरची जागा फार फसवी असते. पगार बरा मिळतो, सराव उत्तम होतो, समोर शॉट मारणारे खेळाडूही जागतिक दर्जाचे. फक्त सामना मिळत नाही. आघाडीवीराला शेवटची वीस मिनिटं तरी उतरवतात. गोलकीपरची जागा एक, आणि ती बदलते ती दुखापतीनं किंवा घसरगुंडीनं. चोविसाव्या वर्षी क्लब सोडतो तेव्हा नवा मॅनेजर आधी विचारतो, ‘लीगचे सामने किती?’ एथरिजचं 2014 मध्ये हेच झालं. फुलहॅमनं सोडलं, उन्हाळा क्लबविना गेला, ऑक्टोबरमध्ये ओल्डहॅमशी छोटा करार झाला, मग चार्ल्टन. आठ वर्षं बड्या क्लबात काढूनही बाजारात किंमत जवळपास नवशिक्याची.

गाडी रुळावर आली ती वॉलसॉलला. 2015 ते 2017, लीग वन, म्हणजे इंग्लंडची तिसरी पायरी. दोन मोसमांत लीगचे ऐंशीच्या आसपास सामने. पहिल्याच मोसमात संघ तिसरा आला आणि बढतीच्या प्लेऑफमध्ये बार्न्सलीकडून हरला. ओळीनं इतके शनिवार खेळल्यावर गोलकीपरच्या अंगी जे येतं, ते सरावात येत नाही: क्रॉसला (बाजूनं गोलसमोर टाकलेल्या चेंडूला) पुढे यायचं की रेषेवर थांबायचं याचा निर्णय, चूक झाल्यावरची पुढची दहा मिनिटं, आणि आपल्या बचावफळीवर योग्य वेळी ओरडणं. 2017 मध्ये मॅनेजर नील वॉरनॉकच्या कार्डिफनं त्याला घेतलं. पहिल्याच मोसमात कार्डिफ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, दुसऱ्या स्थानावर राहून वर गेला. 2018-19 मध्ये एथरिज प्रीमियर लीगचे सगळे 38 सामने खेळला. त्या लीगमध्ये खेळलेला तो पहिला फिलिपिनो.

त्या मोसमातल्या पेनल्ट्यांची चित्रफीत मिळाली तर बघच. पहिला सामना 11 ऑगस्टला बोर्नमथला: कॅलम विल्सनची पेनल्टी अडवली, सामना मात्र 0-2 हरले. पुढच्याच आठवड्यात न्यूकॅसलविरुद्ध भरपाई वेळेत केनेडीची अडवली आणि 0-0 वर गुण वाचला. डिसेंबरअखेर लेस्टरला जेम्स मॅडिसनची अडवली. त्यानंतर कार्डिफनं गोल करून सामना जिंकला. यात नशीब असतं, पण तयारीही असते. तू समोरच्या संघाच्या पेनल्टी घेणाऱ्याच्या शेवटच्या आठ-दहा किक्स कागदावर मांड: धाव कुठून सुरू केली, मध्ये थबकला का, टेकवलेला पाय कोणत्या दिशेनं वळला, चेंडू कुठे गेला. दबावात बहुतेक जण आपल्या आवडत्या कोपऱ्याकडे वळतात. आणि नियम पाठ असू दे. किकच्या क्षणी किमान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेमागे हवा. घाईनं दोन्ही पाय पुढे टाकून किक अडवलीस तर ती पुन्हा घ्यायला लावतात. चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर 2025-26 पासून कॉर्नर जातो, हेही आताच अंगवळणी पाड.

मग घसरण. कार्डिफ त्याच मोसमात खाली उतरला. ऑगस्ट 2019 मध्ये एथरिजच्या मांडीमागचा स्नायू दुखावला, जागा अ‍ॅलेक्स स्मिदीजकडे गेली आणि बरा झाल्यावरही ती सहज परत मिळाली नाही. 2020 मध्ये बर्मिंगहॅम, तिथेही नंतर राखीव, आणि 2024 मध्ये थायलंडचा बुरीराम युनायटेड, चौतिसाव्या वर्षी. प्रीमियर लीगमधले सलग 38 सामने आणि स्नायूची एक दुखापत यांच्यात अंतर तीन महिन्यांचं. या पेशाचं गणितच असं आहे.

आता देशाच्या जर्सीबद्दल. 2008 मध्ये, अठराव्या वर्षी, तो फिलिपिन्सकडून ब्रुनेईविरुद्ध पहिला सामना खेळला. फुलहॅममध्ये बाकावर गेलेल्या वर्षांत त्याला खरे सामने मिळाले ते इथे. डिसेंबर 2010 मध्ये आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत हनोईच्या भरलेल्या मैदानात गतविजेत्या व्हिएतनामला फिलिपिन्सनं 2-0 हरवलं. गोल ख्रिस ग्रेटविच आणि फिल यंगहजबंड यांचे. दोघंही इंग्लंडमध्ये वाढलेले, दोघांचीही आई फिलिपिनो. वीस वर्षांच्या गोलकीपरला अशी रात्र राखीव संघाच्या पन्नास सामन्यांत मिळत नाही. बुरीरामचं दारही काहीसं त्याच पासपोर्टनं सैल झालं. थायलंडच्या लीगमध्ये आसियान देशांच्या खेळाडूंसाठी इतर परदेशी खेळाडूंपासून वेगळी सोय असते, आणि गोलकीपरवर परदेशी कोट्यातली जागा खर्च करायला क्लब नाखूश असतात. (दक्षिण कोरियानं तर 1999 पासून 2025 पर्यंत परदेशी गोलरक्षक घ्यायलाच बंदी ठेवली होती.)

या जर्सीची किंमतही मोजावी लागते. मनिलाचं घड्याळ लंडनच्या उन्हाळ्यात सात तास पुढे, हिवाळ्यात आठ. शनिवारी सामना, रविवारी विमान, पोहोचेपर्यंत सोमवार, गुरुवारी खेळायचं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा इंग्लंडात. त्यात आसियानची स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या तारखांबाहेर चालते, म्हणजे खेळाडू सोडणं क्लबवर बंधनकारक नाही. 2018 च्या स्पर्धेत एथरिज सिंगापूरविरुद्धचा पहिला सामना खेळून कार्डिफला परतला, आणि जानेवारी 2019 मध्ये फिलिपिन्स पहिल्यांदाच आशियाई चषकात उतरलं तेव्हाही तो क्लबकडेच राहिला. त्यावर टीका झाली. माझ्या मते निर्णय बरोबर होता: क्रमांक एकची जागा महिनाभर दुसऱ्याच्या हाती दिली तर ती त्याचीच होते.

पासपोर्टच्या बाबतीत मात्र तुझी वाट वेगळी आहे. फिलिपिन्सच्या राज्यघटनेप्रमाणे आई किंवा वडील फिलिपिनो नागरिक असतील तर मूल जन्मतः नागरिक; ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागत नाही. वकिलातीत जन्माची नोंद करायची, उशीर झाला असेल तर प्रतिज्ञापत्र जोडायचं, मग पासपोर्ट. घोळ होतो तो एका ठिकाणी: मुलाच्या जन्माआधीच आईनं ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं असेल तर त्या क्षणी ती फिलिपिनो नव्हती. 2003 च्या कायद्यानं आईला नागरिकत्व परत घेता येतं, पण त्याचा लाभ अठराच्या आतल्या अविवाहित मुलांनाच आपोआप मिळतो. तुझ्या अकादमीत कुणी अर्धा फिलिपिनो मित्र असेल तर त्याला हे आजच सांग.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तुझं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) म्हणजे राहण्या-फिरण्याची सवलत. त्यावर देशाकडून खेळता येत नाही. फिफाची आडकाठी नाही, कारण आई भारतात जन्मली. अडचण आपल्या कायद्याची आहे. ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंद आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य, मग अर्ज, मग ब्रिटिश नागरिकत्वावर पाणी. असं केलेल्यांपैकी एक अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि पुणे एफसीकडून खेळला, जपानी पासपोर्ट सोडला आणि 2013 मध्ये भारताकडून उतरला. पण तोवर तो भारतातच कितीतरी मोसम खेळला होता, त्याचं पोट इथल्या क्लबांवर होतं. तू आज ब्रिटिश नागरिकत्व सोडलंस तर इंग्लंडातच परदेशी ठरशील, आणि व्यावसायिक करारासाठी जी मंजुरी लागते तिचे गुण भारताच्या फिफा क्रमवारीवर जमणार नाहीत. सोडलेलं ब्रिटिश नागरिकत्व एकदा परत घेता येतं, पण मग भारताचं जातं. म्हणून पंचविशीपर्यंत हा विषय बंद ठेव. ओसीआयची नोंद मात्र चालू असू दे आणि आईचे जन्माचे मूळ कागद एका जागी ठेव.

तर या उन्हाळ्यात काय करायचं? लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, तिसरा गोलकीपर व्हायची ऑफर आली आणि इस्थमियन किंवा सदर्न या नॉन-लीग स्पर्धांच्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये पहिला व्हायची आली, तर दुसरी घे. तिथे सराव बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, सामना शनिवारी, दिवसा नोकरी. लांब थ्रो-इन, कॉर्नरला सहा यार्डांच्या चौकटीत आठ माणसं, कोपरं, चिखल, उलटा वारा. अकादमीत पायानं खेळ उभारायला शिकवलं असेल, पण गर्दीत मूठ मारून चेंडू चौकटीबाहेर टाकायला बहुतेक शिकवलं नसेल. पहिले सहा आठवडे त्यातच गोल खाशील. मूठ मारताना दोन्ही मुठी जोडलेल्या, एक गुडघा वर, आणि चेंडू आला त्याच बाजूला उंच परत. ओढून दुसऱ्या बाजूला टाकायला गेलास की तो मधोमध पडतो.

करार नसलेला खेळाडू म्हणून नोंद कर. मग दुसऱ्या क्लबला तुझ्याशी बोलायला सात दिवसांची सूचना पुरते. चित्रफीत सहा-सात मिनिटांची कर, सुरुवातीला क्रॉस आणि पायाचा खेळ, झेपा शेवटी; सोबत दोन पूर्ण सामने दे आणि त्यातला एक हरलेला असू दे. मॅनेजर झेपा बघून भुलत नाहीत, गोल खाल्ल्यावर तू काय करतोस ते बघतात. फोन चालू ठेव: वरच्या क्लबचे गोलकीपर एकदम जायबंदी झाले तर सात दिवसांच्या आणीबाणीच्या लोनवर माणूस घेतात, आणि विचारणा दुपारी येऊन सामना संध्याकाळी असू शकतो.

एजंट फिफाचा परवाना असलेलाच घे, आणि करारनामा दोन वर्षांहून जास्त मुदतीचा करता येत नाही हे ध्यानात ठेव. क्लबच्या करारात ‘पर्याय’ कुणाच्या हाती आहे ते बघ. बहुतेकदा तो फक्त क्लबच्या हाती असतो. ‘वीस सामने झाले तर एक वर्ष वाढ’ असं कलम असेल तर एकोणिसाव्या सामन्यानंतर बाकावर बसायची तयारी ठेव, किंवा आकडा बारावर आण. दुखापतीत पगार किती आठवडे आणि शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा, हे लेखी हवं. पुढे कधी आग्नेय आशियात गेलास तर फिफाचा नियम असा: दोन महिन्यांचा पगार थकला की पंधरा दिवसांची लेखी मुदत द्यायची, तरी नाही आला तर करार सोडता येतो. पहिल्या महिन्यापासून पगाराच्या पावत्या जमव. तिकडे अख्खे क्लब बंद पडतात. फिलिपिन्सच्या लीगचा पहिला मोसम 2017 चा, आणि मेराल्को मनिलासारखा क्लब त्यानंतर लगेच मिटला. मिटलेल्या क्लबाकडून थकबाकी काढायला हे कागदच लागतात. त्यातही एक मेख आहे: स्थानिक पासपोर्टवर नोंद केलेल्या दुहेरी नागरिकाचा वाद फिफा ‘आंतरराष्ट्रीय’ मानेलच असं नाही, म्हणून करारात लवादाचं ठिकाण लिहून घे.

ट्रायलची पत्रं आली की सही करण्याआधी मसुदा मला पाठव, सगळी पानं, मागची परिशिष्टंही. आईला नमस्कार सांग.

कळावे.