डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून प्रिस्क्रिप्शन दिलं तर पेशंटला खरंच फायदा होतो का?

होतो. पण "अक्षर कसंही असो, केमिस्टला बरोबर कळतं" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ते ऐकून माझे कान किटलेत. मी मेडिकल चालवतो. आम्हाला कळत नसतं, आम्ही अंदाज बांधतो. पेशंटचं वय, डॉक्टर कशाचे, शेजारी कोणती गोळी लिहिलीय, यावरून.

संधिवाताच्या एका काकू चिठ्ठी घेऊन आल्या. मेथोट्रेक्सेट ७.५, आणि पुढे 'ओडी' की 'ओडब्ल्यू' हे ब्रह्मदेवालाही लागलं नसतं. ओडी म्हणजे रोज एकदा, ओडब्ल्यू म्हणजे आठवड्यातून एकदा. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. मला माहीत होतं, तरी खात्रीसाठी फोन केला. डॉक्टर म्हणाले, "एवढं वाचता येत नाही तर दुकान कशाला टाकलंत?" काकू काउंटरला टेकून सगळं ऐकत होत्या. गोळी आठवड्याचीच निघाली. पाकिटावर ठळक 'फक्त रविवारी' लिहून दिलं.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये इथे 'रोज' निवडलं की ते अडवतं. उद्या दुसऱ्या डॉक्टरांनी याच काकूंना लघवीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमोक्साझोल लिहिलं, तर ही जोडी घातक आहे असा इशाराही देतं. अर्थात आधीची गोळी त्यात नोंदलेली असेल तरच. आपल्याकडे बरेचदा नुसतं टाइप करून प्रिंट काढतात. त्याने अक्षर सुधारतं, तपासणी होत नाही.

आणि अक्षराचं म्हणाल तर औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलंय. २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टाने तर वाचता येणारी चिठ्ठी हा पेशंटचा मूलभूत हक्क ठरवला. म्हणजे चूक वाचणाऱ्याची नव्हती, डॉक्टरसाहेब.

हां, कॉम्प्युटरही चुकवतो. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या रुग्णालयात मिलिग्रॅम आणि 'वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅम' यांच्या गोंधळात एका मुलाला याच को-ट्रायमोक्साझोलची एकाऐवजी साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर गेली. इशारे आले होते, पण ते दिवसभर येतच असतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. मुलगा वाचला.

तेव्हा प्रिंट मिळाली तरी कोणती गोळी कोणत्या वारी, हे डॉक्टरांसमोरच वाचून घ्या. आणि केमिस्टने शंका काढली तर घाई करू नका, त्याला फोन लावू द्या.