आठवीतल्या मुलाला ‘माहीत नाही’ म्हणू द्या

प्रश्न : आम्ही मूळचे गुहागर तालुक्यातले. मी नोकरीसाठी डोंबिवलीत असतो. पत्नी, मुलगा आणि माझे वडील गावी. मुलगा आठवीत आहे, वय १३. पाचवीत शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आला, तेव्हापासून ‘डॉक्टर होणार’ म्हणायचा. आता गणितात घसरलाय, उलट उत्तरं देतो, रात्री जागतो, सकाळी उठत नाही. सुट्टीच्या दिवशी चुलतकाकाच्या होडीवर मशीनशी खटपट करत बसतो. गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर ‘काय होणार?’ विचारलं तर म्हणाला, ‘माहीत नाही.’ मी परत निघेपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीच्या निवासी फाउंडेशन कोर्सची जागा आगाऊ पैसे भरून धरली आहे. दिवाळीनंतर लगेच पाठवू की नववीपासून? कल चाचणी करून घ्यावी का?

उत्तर : दिवाळीनंतरही नको आणि नववीतही नको. तुमचा मूळ प्रश्न इथेच संपला. आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टींबद्दल बोलू या.

मला सगळ्यात खटकलं ते गणपतीतलं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात तुम्ही १३ वर्षांच्या मुलाला उभं केलंत, त्याने खरं उत्तर दिलं आणि त्याची शिक्षा म्हणून तुम्ही अबोला धरलात. पत्रात हे तुम्ही मुलगा किती बिघडलाय याचा पुरावा म्हणून लिहिलंय. त्या प्रसंगात कुणाचं तरी चुकलं हे मलाही मान्य आहे, पण ते मुलाचं नव्हे. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये या वयाची एक खूण मांडली होती. मुलांना सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, आपल्याला जोखतायत. मुरुमाच्या एका पुटकुळीपायी शाळा बुडवावीशी वाटते ती त्यामुळेच. एरवी हे बघणारे लोक मुलाच्या मनातच असतात. तुम्ही ते खरोखरचे, सतरंजीवर आणून बसवलेत.

तुम्ही गणपतीत येता, शिमग्याला येता, मे महिन्यात येता. यात तुमचा दोष नाही, कोकणात घरोघरी हेच आहे. पण तीन सुट्ट्यांमध्ये भेटणाऱ्या बापाच्या डोक्यात मुलगा शेवटच्या आनंदाच्या क्षणापाशी थांबून राहतो. तुमचा पाचवीत थांबलाय. तुमच्या सात पानी मूळ पत्रात पाचवीपासूनचे सगळे गुण आहेत, शिष्यवृत्तीचा क्रमांक आहे, मात्र त्याच्या एकाही मित्राचं नाव नाही.

आता तुमच्या मोठ्या गैरसमजाकडे येते. तुम्ही लिहिता, ‘पाचवीत ध्येय पक्कं होतं, आता भरकटला.’ दहा वर्षांच्या मुलाचं ‘डॉक्टर होणार’ हे ध्येय नसतं. त्या वयात मुलाला आपण काहीतरी नीट करू शकतो हे सिद्ध करायचं असतं, आणि मोठ्यांनी पाठ थोपटली की ते सिद्ध होतं. एरिक एरिक्सनने सुमारे ६ ते १२ या वयाचं मुख्य काम हेच सांगितलं. त्यानंतर प्रश्न बदलतो : मी आहे कोण? १९६६ मध्ये जेम्स मार्शिया यांनी याच कल्पनेवर पुढे काम करून चार अवस्था सांगितल्या. त्यातली एक अशी की मूल स्वतः काहीच न शोधता आईवडिलांनी दिलेलं उत्तर उचलतं आणि आपलं म्हणून बाळगतं. बाहेरून ही मुलं फार शहाणी, ठाम दिसतात. नातेवाईकांना तीच आवडतात. त्यातली काही कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसतात आणि विचारतात, ‘मॅडम, मी हे का घेतलं?’ तुमचा मुलगा १३ व्या वर्षी ‘माहीत नाही’ म्हणाला. त्याने तुमचं उत्तर परत केलंय आणि स्वतःचं अजून मिळालेलं नाही. ही वाढ आहे, घसरण नव्हे. (इथे आंब्याची उपमा टाळते. कोकणातल्या पालकांना सगळे तीच देतात.)

गणिताचं वेगळं आहे, आणि ते सोपं आहे. पाचवीपर्यंत आकडे हातात धरता येतात. आठवीत अपरिमेय संख्या, घातांक, विस्तार सूत्रं, बैजिक राशींचे अवयव येतात. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. असा अमूर्त विचार करण्याची क्षमता ११-१२ वर्षांच्या सुमारास येऊ लागते, असं झाँ पियाजे यांनी मांडलं. ‘येऊ लागते’ असं मी मुद्दाम म्हणते. ती एका रात्रीत येत नाही, सगळ्यांना एकदम येत नाही आणि सगळ्या विषयांत एकाच वेळी येत नाही. पाठांतरावर पाचवीत चमकलेलं हुशार मूल इथे अडखळतं. त्याला आठवड्यातून दोनदा शेजारी बसून शिकवणारं कुणी शोधा. ते गावातही मिळेल.

आणि हीच नवी क्षमता उलट उत्तरांतही दिसते. ‘असं नसतं तर?’ हा विचार आता त्याला जमतो. त्याने तुम्हाला विचारलं, ‘बाबा, तुम्हीच का नाही झालात डॉक्टर?’ तुम्ही त्याला उद्धटपणा म्हणता. मला प्रश्न रास्त वाटला. उत्तर दिलंत का?

झोपेबद्दल थोडक्यात. वयात येताना शरीराचं घड्याळ साधारण तास-दोन तास पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा लागते आणि गरज मात्र ८ ते १० तासांचीच राहते. हा आळस नाही. मोबाइल रात्री आईच्या खोलीत ठेवायचा, एवढा नियम पुरे, आणि तो घरातल्या सगळ्यांना लावा.

एक गोष्ट मात्र पत्नीला आजच विचारा. तो जेवतो का, मित्रांत जातो का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का? होडीवर रमतो म्हणजे बहुतेक ठीक असावा. पण दोन आठवडे सलग गप्प, उदास, जेवणावरून मन उडालेलं, किंवा ‘जगून काय करायचं’ अशी भाषा असेल, तर करिअरचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

वैद्यकीयचा रस्ता तुम्हाला पाठ असेलच : दहावी, विज्ञान शाखेत जीवशास्त्र, मग ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा. निर्णय दहावीनंतर घेतला तरी काही हुकत नाही, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे आहेत. १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, असं केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. तुमच्याकडून आगाऊ रक्कम घेताना हे कुणी सांगितलं नसणारच. पैसे परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या. पैसे अडकले म्हणून मुलाला वसतिगृहात अडकवू नका. ज्या वयात त्याला वाद घालायला घरचं माणूस लागतं, त्या वयात तुम्ही त्याला शेकडो मुलांच्या रांगेत, क्रमांकाच्या फळ्यासमोर नेऊन ठेवणार होतात.

आणि कृपा करून होडीचंही करिअर करू नका. हे वाचून तुम्ही उद्या मरीन इंजिनिअरिंगची माहितीपुस्तिका आणाल अशी मला धास्ती आहे. रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय कुठे पळून जात नाही. सध्या ते मशीन ही त्याची एकमेव जागा आहे जिथे गुण मिळत नाहीत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा काका मशीन उघडत असतील. त्या वेळी दोन दिवस रजा काढून जा, पाने-पकड उचलून द्या. काय शिकलास, पुढे काय करणार, असलं काही विचारू नका.

कल चाचणी आत्ता नको. या वयात आवडी वर्षभरात पालटतात, आणि तुम्हाला चाचणी हवी आहे ती ‘डॉक्टर’ या शब्दावर शिक्का मारून घ्यायला. दहावीनंतर त्याला स्वतःला वाटलं तर चिपळूणला माझ्याकडे या. तो एकटा आत येईल, तुम्ही बाहेर थांबा. तोवर लातूरची जागा रद्द केल्याचं त्याला तुम्ही स्वतः फोन करून सांगा, आईकरवी नको. गणपतीत जे झालं त्याबद्दल सॉरीही त्याच फोनवर म्हणा.