फारशी माहिती नसलेली उष्ण प्रदेशातली मुंगी पाळायची, तर सुरुवात कशी करावी?

प्रजातीवर काहीच वाचायला मिळत नसेल, तर आधी निदान प्रजाती कोणत्या गटातली ते ओळखा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. डोंगळ्यांच्या कँपोनोटस गटातली राणी पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत काही खात नाही. तिला पाण्याची कापूस लावलेली परीक्षानळी आणि अंधार पुरे. पोनेरिनी या शिकारी मुंग्यांच्या गटातल्या बहुतेक राण्या मात्र स्वतः शिकारीला बाहेर पडतात. त्यांना खाणं दिलं नाही तर उपाशी मरतील. दर दोन-तीन दिवसांनी एखादा बारीक किडा द्या आणि उरलेलं लगेच काढा, नाहीतर बुरशी धरते.

पोनेरिनींच्या अळ्यांना कोष विणायला मातीचे कण लागतात. कामकरी त्यांच्यावर माती लोटतात, अळी कणांना धागे अडकवून कोष विणते. गुळगुळीत काचेत हे जमत नाही, म्हणून चिमूटभर बारीक माती टाकाच.

ओलावा किती हवा हे मुंग्यांनाच ठरवू द्या: घरट्याचं एक टोक ओलं, दुसरं कोरडं. अंडी-अळ्या त्या कुठे हलवतात ते रोज तारखेसह लिहून ठेवा. अशा प्रजातीसाठी तुमची ही वही फार मोलाची आहे.

परक्या प्रदेशातली मुंगी असेल तर बाहेर कधीच सोडू नका.