'अठराविश्वे दारिद्र्य' यात अठरा विश्वे कोणती?

विश्वाचा, म्हणजे जगाचा, इथे काही संबंध नाही. मूळ शब्द 'अठरा विसे'. विसा म्हणजे वीसचा गट. माझी आजी गोवऱ्या अशाच मोजायची, 'तीन विसा नि पाच' म्हणजे पासष्ट. तर अठरा विसे म्हणजे १८ × २० = ३६०, जुन्या हिशेबाने वर्षाचे दिवस. वर्षाचे तीनशे साठ दिवस चूल पेटायची भ्रांत, ते अठराविसे दारिद्र्य. बोलता बोलता विसेचं विश्वे झालं आणि आता तेच रूढ आहे. लिहिताना उगाच दुरुस्त करत बसू नका.

वापर मात्र नीट हवा. 'त्यांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होतं' असं घराबद्दल म्हणतात. महिनाअखेरीस खिसा रिकामा झाला तर हा शब्द नको, तिथे 'कडकी' पुरते. माणसाबद्दल बोलायचं तर कंगाल किंवा निष्कांचन. 'भणंग' जपून वापरा, त्यात गरिबीपेक्षा हेटाळणी जास्त. 'अकिंचन' मात्र साधुसंतांनाही शोभतो, कारण तिथे काही नसणं आपखुशीचं असतं. सरकारी कागदावर यातलं काहीच चालत नाही, तिथे 'दारिद्र्यरेषेखालील' आणि पिवळं रेशनकार्ड.