बाकडी आली कमी, तीही उशिरा, आता काय?

प्रश्न : आमच्या सरकारी ऑफिसने ६० बाकडी मागवली होती, डिलिव्हरी जूनमध्ये होती, ४० आली ती थेट चवथीच्या तोंडावर आणि त्यातली काही बघितली तर कडेने प्लाय फुगलेला. सप्लायर म्हणतो पाऊस होता, बिल पास करा. काय करू? - एक वाचक, डिचोली

उत्तर : अहो, गोव्यात जूनमध्ये पाऊस पडतो हे त्याला टेंडर भरताना माहीत नव्हतं का! पहिलं म्हणजे चलनावर 'माल मिळाला' एवढंच लिहून सही ठोकू नका, मोजून किती आली, किती फुगलेली, फोटोसकट लिहा आणि खराब माल रिजेक्ट करून लेखी कळवा. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ५५ बघा, वेळ हा कराराचा गाभा असेल, म्हणजे वेळेत माल येणं ही मुख्य अट असेल, आणि उशिरा आलेला माल तुम्ही गुपचूप घेतलात तर नंतर भरपाई मागता येत नाही, ती मागणार हे घेतानाच कळवावं लागतं, आणि इथेच बरेच जण फसतात. मुदत वाढवून दिलीत तरी पत्रात 'दंडाचा हक्क राखून' हे घालाच. दंड करारात लिहिलाय तेवढाच कापा, साहेब रागावले म्हणून जास्त नको. सप्लायरच्या बँक गॅरंटीची (तो चुकला तर बँक पैसे देईल ही हमी) तारीखही आजच बघा, संपत आली असेल तर आधी वाढवून घ्या. ब्लॅकलिस्ट करायचं असेल तर आधी नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐका, नाहीतर कोर्टात ऑर्डर टिकत नाही. फोनवरची बोलणी? ती फाईलला लागत नाहीत, ईमेल टाका.