बिल्डरचं भाडं म्हणजे उत्पन्न नव्हे

ठाण्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 41, नवरा-बायकोचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 10 हजार. 1987 सालच्या इमारतीतला वन बीएचके 80 लाखांना घेताहेत, बँक 60 लाख कर्ज देतेय. प्रश्न एवढाच, की घर तपासून देणारा इन्स्पेक्टर 15 हजार मागतोय, द्यावेत का? पुढे ओघात लिहिलंय, ‘तीन वर्षांत रिडेव्हलपमेंट होणार, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधणार, असं एजंट म्हणाला. मग बिल्डरच्या भाड्यातून हप्ता निघेल.’ बँकेने कर्जविमाही (कर्जदार गेला तर बँकेचं कर्ज फेडणारा विमा) घ्यायला लावलाय, हप्ता एकरकमी 3 लाख, तोही कर्जातच जोडून.

15 हजार जरूर द्या. मात्र तो माणूस ओल, नळ, वायरिंग, पोकळ वाजणारी टाइल दाखवेल. खांब आणि तुळयांची अवस्था सोसायटीच्या फायलीत असते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. विक्रेत्यामार्फत तो अहवाल मागा, आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वाचून घ्या. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नका, तो बँकेचं तारण पाहायला येतो.

आता न विचारलेलं. बिल्डर भाडं देतो ते नवी इमारत होईपर्यंत तुम्ही दुसरीकडे राहावं म्हणून. ते तुमच्या तात्पुरत्या घरमालकाला जाईल, हप्ता जागेवरच. 60 लाखांचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे 52 हजार, म्हणजे जवळपास निम्मा पगार. आणि तीन वर्षं कुठून आली? विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, निविदा निघाल्यात का, हे सचिवांना विचारा. उत्तर ‘चर्चा चालू आहे’ असं आलं, तर रिडेव्हलपमेंटची किंमत शून्य धरा. एजंटला दलाली आज मिळते, तीन वर्षांनी कुणी त्याला जाब विचारत नाही.

पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. स्वतःचे 20 लाख, मुद्रांक शुल्क सुमारे साडेपाच, नोंदणी, दलाली, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क: सगळं धरून 27 लाख. तुमची बचत, पीएफ धरून, 27 लाखच आहे. ऑडिटमध्ये मोठी दुरुस्ती निघाली आणि सोसायटीने फ्लॅटमागे 3 लाख मागितले, तर कुठून देणार? निदान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च हाताशी ठेवा. ते जमत नसेल, तर हा फ्लॅट तुमच्या ऐपतीबाहेरचा आहे. साठेक लाखांचा मिळतो का बघा, किंवा वर्षभर थांबा.

विम्याचं म्हणाल तर तो नाकारा. कर्जासाठी तो सक्तीचा नाही. कर्जात मिसळलेल्या 3 लाखांचे वीस वर्षांत सव्वासहा लाख भरावे लागतात. नुसतं पहिल्या वर्षाचं व्याज 25 हजार, आणि धडधाकट, निर्व्यसनी माणसाला या वयात 60 लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) साधारण त्याहून कमी वार्षिक हप्त्यात मिळतो. तो स्वतंत्र घ्या, पैसे बँकेऐवजी बायकोला मिळू देत.

टोकन अजून दिलं नसेल, तर ऑडिटचा अहवाल हातात पडेपर्यंत देऊ नका. दिलं असेल, तर अहवालात गंभीर दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल, असं विक्रेत्याकडून या आठवड्यातच लिहून घ्या.